पण मग फाशी कशाला?

स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर आमच्या सोसायटीतल्या मुलांनी ओळीत उभे राहून ‘इतनी शक्ती हमें दे ना दाता’ म्हटले. घोडबंदर रस्त्यावर रात्रभर पाऊस कोसळला होता, पार्किंगमध्ये बांधलेल्या मंडपाच्या कापडातून अजून थेंब गळत होते आणि ध्वनिक्षेपक मधूनच कुरकुरत होता. तरी मुलांनी प्रार्थना शेवटच्या कडव्यापर्यंत नेली. शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला मी सहज म्हणालो, की ही प्रार्थना ज्या चित्रपटातली आहे त्यात चार तरुण ठरवून खून करतात. त्याला ती थट्टा वाटली. त्याच्या समजुतीप्रमाणे ते समूहगीतांच्या एखाद्या जुन्या पुस्तकातले गाणे होते आणि शाळेत वर्षानुवर्षे ते म्हणताना त्याला कोणी वेगळे सांगितलेही नव्हते. दुपारी मसालेभात-जिलेबीचे जेवण झाल्यावर तो आणि त्याची बहीण हट्टाने ‘अंकुश’ लावून बसले, मीही बसलो. चित्रपट संपला तेव्हा भाची काही बोलली नाही. भाचा मात्र रिमोट तसाच हातात धरून म्हणाला, “मामा, सगळ्यांना उडवलं, बदला पूर्ण झाला. पण मग फाशी कशाला?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

त्याला नीतिअनीतीची चर्चा करायची नव्हती. त्याला पटकथेत खोट दिसत होती. गोष्ट जिथे जिंकली तिथेच संपायला हवी, त्यापुढे न्यायालय आणि त्या चौघांसाठी फाशीचा दोर आणणे म्हणजे प्रेक्षकाच्या पदरात पडलेला आनंद काढून घेणे, असे त्याचे सरळ म्हणणे होते. मी कायद्याचे नाव घेतले तेव्हा तो म्हणाला, की कायद्याने तर बलात्कार करणाऱ्या त्या गुन्हेगारांना आधीच सोडून दिले होते, मग त्याच कायद्याला इतका मान कशासाठी? याला उत्तर नव्हते असे नाही. पण जे सुचत होते ते सगळे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले होते, आणि ज्या काळात हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला त्या काळी तरी मला ते पुस्तक आठवून शेवट पटला होता असे काही नाही. तो शेवट तेव्हा विचार न करताच पटला होता. एखादी गोष्ट विचार न करता पटायची बंद होते, म्हणजे मधल्या काळात नेमके काय होते, आणि असा जुना हिंसक चित्रपट आज चालेल का, हे मला शोधायचे आहे.

चित्रपट आला १९८६ मध्ये. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि आम्ही नौपाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो. ठाण्यात तेव्हा अशोक, प्रभात, गणेश, वंदना, मल्हार, आराधना अशी टॉकीजची नावे पत्ता सांगण्यासाठी वापरली जात. त्यांतले वंदनाचे नाव आता बहुतेक लोक एसटीच्या डेपोसाठी घेतात. स्टेशनजवळच्या ज्या टॉकीजमध्ये मी ‘अंकुश’ पाहिला तिथे पंख्यांचा आवाज संवादांपेक्षा मोठा होता, फिनेलचा आणि विडीचा वास एकमेकांत मिसळलेला होता, आणि खुर्चीच्या फळीतला एक खिळा चड्डी-पँटचा भेद न करता सर्वांना टोचत असे. प्रेक्षक बहुतेक पुरुष. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून पहिली पाळी संपवून थेट आलेले, हातात डबा असलेले. किसननगरची, कोपरीची पोरे. आणि गिरणीत काम करणाऱ्यांची मुले. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा आत जायला मिळालेच नाही, हे ठाण्यातही घरोघर ठाऊक होते. लालबाग-परळची नातेवाईक मंडळी इकडे बहिणीकडे, मावशीकडे येऊन कारखान्यांच्या फाटकांवर चकरा मारत. दिवसभर नाक्यावर बसून असलेले चार जण आमच्या प्रत्येक गल्लीत होते. त्यामुळे दिग्दर्शक एन. चंद्रा यांनी पडद्यावर नाका आणला आणि नाना पाटेकर तिथे बसून बोलू लागला, तेव्हा हा नायक आहे असे कोणाला वाटले नाही. गल्लीतला कोणीतरी वर जाऊन बसला आहे, असे वाटले. नानाची निम्मी हाणामारी जिभेनेच होते, सुरा बऱ्याच उशिरा निघतो.

सुरा निघाला तेव्हा टॉकीज पेटले, हे सांगायला हवे. शिट्ट्या वाजल्या, कोणी पडद्याच्या दिशेने चिल्लर फेकली. आम्ही काही संयमी, सुसंस्कृत प्रेक्षक नव्हतो आणि आताच्या मुलांना नावे ठेवण्याचा अधिकार त्या पिढीला नाही. फरक पडला तो शेवटाला. चौघांना फाशीची शिक्षा होते आणि दिवे लागतात, तेव्हा नेहमीसारखी दाराकडे झुंबड उडाली नाही. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस, पन्नाशीचा असावा, डबा काखेत मारत उठला आणि कोणालाही न उद्देशून म्हणाला, “बरोबर झालं.” खून झाले ते बरोबर झाले, की फाशी झाली ती बरोबर झाली, हे मला तेव्हा कळले नाही. आज वाटते, त्या माणसाच्या मनात ही दोन वेगळी वाक्ये नसावीतच. सूड घेणे त्याला मान्य होते आणि सुडाची किंमत चुकवणेही मान्य होते. एकाशिवाय दुसरे त्याला अर्धवट वाटले असते.

भाच्याने मात्र पाहताना सुऱ्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. मारामारीच्या दृश्यांना तो चक्क हसला. रक्त रंगासारखे दिसते, सुरा शरीरात शिरताना दिसत नाही, पार्श्वसंगीत आधीच ओरडून सगळे सांगून टाकते, अशा त्याच्या तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. मध्येच त्याने वेग दीडपट करू का, असेही विचारले. पण एका ठिकाणी त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. ते दृश्य हाणामारीचे नव्हते; चौघे नुसते नाक्यावर बसलेले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवत, दिवस ढकलत. ऐरोलीतल्या ज्या कंपनीत तो होता तिने त्याला काही महिने बेंचवर, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही अशा अवस्थेत, ठेवले आणि मग एका मेलने घरी पाठवले. “हे बेंचवर असल्यासारखंच आहे,” तो म्हणाला, “फक्त इथं लॉगिन करावं लागत नाही.” हातांना काम नसलेल्या माणसाच्या तोंडाला येणारी धार, सकाळी आंघोळ करून कुठेच न जाणे, घरातल्यांचे काही न बोलणे, हे त्याला उपशीर्षकांशिवाय समजले. म्हणजे जुना चित्रपट संथ आहे म्हणून आजच्या मुलांना झेपत नाही, हे पूर्ण खरे नाही. राग कुठून येतो हे त्यांना अजून कळते. तो राग संपल्यावर काय करायचे, याबद्दल मात्र त्यांचे आणि आमचे मत जुळत नाही.

जुन्या चित्रपटांतली हिंसा आठवून पाहिली, की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. जे आपण पाहिले असे आपण शपथेवर सांगू, ते पुष्कळदा दाखवलेलेच नसते. ‘शोले’त गब्बर दोन्ही तलवारी उगारतो आणि आपल्याला दिसते ती ठाकूरच्या खांद्यावरून उडालेली शाल आणि रिकाम्या बाह्या. लहान मुलावर बंदूक रोखली जाते आणि गोळीच्या जागी रेल्वेचे इंजिन धडाडत येते. आपल्या सचिन पिळगावकरांच्या अहमदला गब्बर मारतो ते आपण पाहत नाही. तो हातावरचा किडा चिरडतो आणि मग घोड्यावर लादलेले प्रेत गावात येते. यात दिग्दर्शकाचे कौशल्य होते तसा सेन्सॉरचा धाकही होता. १५ ऑगस्ट १९७५ ला तो चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते, आणि माजी पोलीस अधिकाऱ्याने खिळ्यांच्या बुटांनी दरोडेखोराला चिरडून मारावे, हा मूळ शेवट सेन्सॉरला चालला नाही. रमेश सिप्पींना तो पुन्हा चित्रित करावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असे दाखवावे लागले. पनवेलजवळच्या रुळांवर ज्या चित्रपटासाठी आठवडेच्या आठवडे गाडीवरची मारामारी चित्रित झाली, त्याचा शेवटचा ठोसा असा सरकारी हस्तक्षेपाने अडला. हिंदी चित्रपटात पोलीस नेहमी उशिरा येतात, या विनोदावर आमच्या पिढीचे बालपण गेले. ‘शोले’पुरते तरी ते पोलीस सेन्सॉरने पाठवलेले होते. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात तो चित्रपट दुरुस्त करून मूळ शेवटासह दाखवला गेला. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो ताबडतोब म्हणाला, की तोच खरा शेवट.

मला स्वतःला पोलिसांचा शेवट फारसा कधीच आवडला नाही, तो लादलेला होता म्हणून. पण ‘अंकुश’मधली फाशी लादलेली वाटत नाही, ती त्या चौघांच्या गोष्टीतूनच येते. ‘अर्धसत्य’चा शेवट तर त्याहून पुढचा. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, असे जवळजवळ सगळे मराठी सामान घेऊन गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये तो चित्रपट केला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर कोठडीतल्या माणसाला मारतो, तेव्हा ओम पुरींच्या चेहऱ्यावर विजय नसतो, स्वतःचीच शिसारी असते. आणि शेवटी गुंड पुढारी रामा शेट्टीचा गळा घोटून तो आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहतो. ‘वास्तव’मध्ये आईच मुलावर गोळी झाडते. ‘सत्या’ प्रेयसीच्या दारात मरतो. हे सगळे चित्रपट चालले, गर्दीत चालले, आणि त्यांतल्या एकाही नायकाला शेवटी घरी जाऊन जेवायला मिळाले नाही.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२३ मध्ये भाच्याने मला ‘अ‍ॅनिमल’ दाखवायला विवियानाच्या मॉलमध्ये नेले. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते, दारावरचा मुलगा मिसरूड फुटलेल्या पोरांची आधार कार्डे तपासत होता. आमच्या वेळी डोअरकीपर नुसती मिशी पाहायचा. तीन तास एकवीस मिनिटांचा तो चित्रपट. मध्यंतराच्या अलीकडे हॉटेलात ती लांबलचक कत्तल सुरू होते, मुखवटे, कुऱ्हाडी, भिंतींवर रक्त, आणि त्या गदारोळात आपला उपेंद्र लिमये आणि पाठोपाठ अजय-अतुल यांचे ‘डॉल्बीवाल्या’. ठाण्याच्या प्रेक्षागृहात त्या क्षणी जे झाले ते मी १९८६ नंतर पाहिले नव्हते. लोक खुर्च्यांवरून उठले, कोणी पॉपकॉर्नचा डबा डोक्यावर धरून नाचले, पुढच्या रांगेतली एक तरुणी दोन बोटे तोंडात घालून अशी शिट्टी वाजवत होती की मला कौतुक वाटले. मीही मांडीवर ठेका धरला होता. त्या ठेक्यात किती माणसे पडली, हे मला त्या वेळी सांगता आले नसते आणि आताही सांगता येत नाही. १९८६ च्या हिंसक चित्रपटाने आपल्या मध्यभागी अभिलाष यांनी लिहिलेली, कुलदीप सिंग यांनी बांधलेली आणि पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांनी गायलेली प्रार्थना ठेवली होती, मनाचा विश्वास डळमळू नये अशी. २०२३ च्या चित्रपटाने त्याच जागी डॉल्बी ठेवला. पहिले गाणे ऐकताना मारणाऱ्याला भीती वाटते आहे हे कळते. दुसरे ऐकताना मारणाऱ्याला मजा येते आहे हे कळते. दोन्ही गाणी उत्तम आहेत, ही त्यातली अडचण.

तेव्हा जुना हिंसक चित्रपट आज चालेल का, या प्रश्नात रक्ताची चर्चा फुकट आहे. रक्त कमी पडेल, जास्त होणार नाही.

मग आजच्या प्रेक्षकाला हिशोबच नको आहे काय? असे म्हणावे तर ‘तुंबाड’ आडवा येतो. २०१८ मध्ये त्याच्याकडे ज्यांनी पाठ फिरवली, त्यांनीच सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागल्यावर रांगा लावल्या आणि दुसऱ्या खेपेची कमाई पहिल्या खेपेहून अधिक झाली. त्या चित्रपटात हिशोबाशिवाय दुसरे काहीही नाही. हाव धरणारा आपल्या हावेचे फळ भोगतो. पण तिथे पाप लोभाचे आहे. लोभी माणसाला शिक्षा झालेली लोकांना आजही आवडते. रागावलेल्या माणसाला शिक्षा झालेली आवडत नाही. माझ्या मते मधल्या चाळीस वर्षांतला बदल इथे आहे: राग हाच आता पुरेसा पुरावा झाला आहे. ज्याला राग आला तो बरोबर, आणि जो बरोबर त्याला फाशी कशाला?

हे चित्रपटगृहातच घडते असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लोक रुळांवर उतरले, ते चिमुरड्या मुलींच्या बाबतीत शाळेत जे घडले त्याच्या संतापाने, आणि तो संताप अस्सल होता. पुढच्या महिन्यात, २३ सप्टेंबरला, त्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीतच पोलिसांच्या गोळीने मेला. खटल्याचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्या दिवशी ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. आमच्या लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याने पेढ्यांचा खोका पुढे केला. भला माणूस आहे, त्याला दोन लहान मुली आहेत. मेलेल्या माणसाविषयी मला दया वाटत होती असे मुळीच नाही, पण पेढा घशाखाली उतरेना, आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसत होती ती खोटी होती असेही मी म्हणणार नाही. ‘अंकुश’मधल्या चौघांना आपण जे केले त्याची किंमत द्यावी लागते, त्या लिफ्टमध्ये कोणी कोणाला काही देणे लागत नव्हते. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला, त्या बातमीच्या दिवशी लिफ्टमध्ये कोणी विषय काढला नाही.

आतापर्यंत भाचीबद्दल काही लिहिले नाही, कारण तिचे बोलणे माझ्या या सगळ्या मांडणीला छेद देते. दुपारी गप्प बसलेली ती संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली, “मामा, तुम्ही दोघं मघापासून त्या चौघांच्या फाशीवर बोलताय. पाचवं मरण त्या मुलीचं आहे, आणि ते सगळ्यांत आधीचं. तिला कोणी विचारलं का, तुला काय हवंय?” खरोखरच, अनितावर बलात्कार होतो, न्यायालय दोषींना सोडते आणि ती जीव देते, एवढेच तिचे काम. तिच्या मरणाने चौघांचा राग तापवला जातो. मी बचावासाठी ‘प्रतिघात’ पुढे केला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने बाईच्या हाती कुऱ्हाड दिली होती. ती म्हणाली, “हो, पण आधी भर रस्त्यात तिचे कपडे फेडल्यावरच ना?” यावर मी गप्प झालो. टॉकीजमध्ये बहुतेक पुरुषच असत, असे वर सहज लिहून गेलो. पण ते चित्रपट कोणासाठी बांधलेले होते, हे त्या एका वाक्यात आले. आज अर्धे प्रेक्षागृह मुलींनी भरलेले असते आणि त्या या जागी माफ करणार नाहीत, करूही नये. मला ज्या शेवटाचे इतके कौतुक आहे, त्याचा पाया असा आहे. तरी कौतुक जात नाही, हेही खरे.

समजा आज एखाद्या निर्मात्याने ‘अंकुश’ नव्याने काढायचे ठरवले. नाका राहील, ऐरोली-महापेची बेंचवरची पोरे नाक्यावर बसतील, संवादांच्या रील्स दोन दिवसांत मोबाइलवर फिरतील. सुरे जाऊन कोयते येतील. प्रार्थना राहील, पण तिच्यावर ढोल चढवले जातील. एवढे सगळे सहज होईल आणि शेवटच्या वीस मिनिटांवर बैठक अडेल. कारण निव्वळ व्यवहाराचे असेल: फाशी गेलेले चौघे दुसऱ्या भागात कसे येणार? ‘अ‍ॅनिमल’ संपता संपता पुढच्या भागाची जाहिरात करून जातो. हिशोब चुकता करणारा नायक निर्मात्याला एकदाच कमवून देतो, न चुकवणारा पुन्हा पुन्हा. सेन्सॉरने एकेकाळी ‘शोले’त पोलीस घुसवले, आता त्यांना बाहेर काढायला कोणा अधिकाऱ्याची गरज पडणार नाही, पुढच्या भागाचे गणितच ते काम करील.

जुनाच चित्रपट, एक दृश्यही न बदलता, पुन्हा लावला तर? माझा अंदाज असा, की पहिल्या दिवशी आमच्या वयाचे लोक येतील, नानाच्या प्रत्येक वाक्याआधी ते वाक्य म्हणतील आणि बाकीच्यांना वैताग आणतील. तरुण येतील ते प्रार्थनेमुळे, ओळखीचे गाणे म्हणून. आठवडा निघेल, दुसरा निघणार नाही. भाचा म्हणतो, तेवढेही होणार नाही. भाचीला मात्र वेगळाच चित्रपट हवा आहे, ज्यात अनिता जिवंत राहते, वरच्या न्यायालयात जाते, तारखांवर तारखा घेते, आणि ते चौघे प्रत्येक तारखेला तिच्यासोबत कोर्टाच्या आवारात जाऊन बसतात. राग तसाच असतो, फक्त सुरा काढत नाहीत. भाचा म्हणाला, हे कोण बघणार? तिने विचारले, नाक्यावर नुसते बसलेले चौघे तू मोबाइल खाली ठेवून बघितलेस ना? त्यावर दोघांचे जे जुंपले ते रात्रीच्या जेवणापर्यंत चालले.